निळ्या पाण्याचा प्रयोग आणि बाळाचा लंगोट

लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात कापडी डायपर मागितला, की एक छोटासा प्रयोग पाहायला मिळतो. काळेवाडीतल्या दुकानात तो होतो, पवना ओलांडून पिंपरीच्या कापडबाजारात गेले तर तिथेही होतो. विक्रेता काउंटरवर एक पॅड पसरतो, त्यावर पेल्यातले पाणी हळूहळू ओततो, दोन-चार क्षण थांबतो आणि वरून हात फिरवून म्हणतो, "बघा ताई, हात लावून बघा. एकदम कोरडं!" टीव्हीवरच्या जाहिरातींत हेच पाणी निळे असते, बाकी प्रयोग तोच. ताई हात लावतात, कोरडे लागते, आणि पॅड पिशवीत जाते.

एखाद्या नव्या पुस्तकाचे परीक्षण करावे, तसे या प्रयोगाचे परीक्षण आम्हाला करायचे आहे. शाळेत वर्षाकाठी विज्ञानाचे दहा-पंधरा प्रयोग होतात, त्यांतले निम्मे फळ्यावरच होतात. हा प्रयोग मात्र घराघरांत पाहिला जातो, त्यावर विश्वास ठेवला जातो आणि त्यावरून पैसे खर्च होतात. प्रयोग म्हणून तो खोटा नाही. पाणी खरोखर शोषले जाते आणि वरचा थर खरोखर कोरडा लागतो. आमची तक्रार अशी, की तो एका सोप्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि पाहणाऱ्याला वाटते, की अवघड प्रश्नाचे उत्तर मिळाले. सोपा प्रश्न म्हणजे 'हे कापड किती पाणी शोषते?' अवघड प्रश्न म्हणजे 'काळेवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात, जुलै महिन्यात, हे कापड बाळाला कोरडे ठेवील का?'

आधी गरज किती, ते पाहू. तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे दर तासाला साधारण १ ते २ मिलिलिटर लघवी होते. सहा किलोच्या बाळाला म्हणजे तासाला ६ ते १२ मिलिलिटर, आणि आठ तासांच्या रात्रीत ५० ते १०० मिलिलिटर. दिवसभराची बेरीज दीडशे ते तीनशेच्या आसपास जाते. विक्रेता जो पेला ओततो, तो दीडशे-दोनशे मिलिलिटरचा असतो. बाळाच्या जवळपास अख्ख्या दिवसाची शू तो एका दमात ओतून दाखवतो. पाहणारा चकित होतो. पण कोणतेही बाळ असे करत नाही. ते एका वेळी वीस-तीस मिलिलिटर करते, तेही काही सेकंदांत, एकाच जागी आणि दाबाखाली. तेव्हा एकूण किती मावते यापेक्षा पहिल्या काही सेकंदांत द्रव किती लवकर आत घेतला जातो आणि तिथून किती दूर पसरतो, याला महत्त्व येते. पेल्यातून सावकाश धार धरली, की नेमकी ही परीक्षा चुकवता येते.

आता कापडाकडे वळू. वर्गात आपण 'पाणी शोषणारे' आणि 'न शोषणारे' असे दोन रकाने करून घेतो. कापूस पहिल्या रकान्यात जातो. पण शेतातून आलेल्या, सरकी काढलेल्या कापसाचा बोंदा पाण्यावर टाकून पाहा. तो तरंगत राहतो. कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते, हे खरे. पण तंतूवर निसर्गाने मेणाचा एक पातळ थर दिलेला असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. अल्कलीत उकळून हा थर काढला, की तोच कापूस दवाखान्यातला शोषक कापूस होतो. औषधकोशात त्याची कसोटीच दिलेली आहे. तांब्याच्या तारेच्या छोट्या टोपलीत पाच ग्रॅम कापूस भरायचा, ती पाण्याच्या पृष्ठभागापासून एक सेंटिमीटर उंचीवरून सोडायची, आणि ती दहा सेकंदांच्या आत बुडाली पाहिजे. शिवाय प्रत्येक ग्रॅम कापसाने किमान २३ ग्रॅम पाणी धरले पाहिजे. या कसोटीत दोन निरनिराळ्या गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत, बुडण्याचा वेग आणि धारणेचे प्रमाण. दुकानातल्या प्रयोगाने दोन्हींचा काला केला आहे.

बाळंतविड्यात लंगोट आणि दुपटी जुन्या सुती लुगड्याची करायची, ही आपल्याकडची रीत. ती मऊपणासाठी, असे सगळे सांगतात. पण मऊपणाइतकेच दुसरे कारण त्यात आहे. विणताना धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ दिलेली असते, विकताना कापड कडक दिसावे म्हणून आणखी काही चढवलेले असते. शंभर धुण्यांत हे सगळे निघून जाते, तंतू मोकळे होतात आणि पाणी टेकताच आत जाते. नवा पंचा अंग पुसत नाही, नुसते पाणी इकडून तिकडे सारतो, हा अनुभव सर्वांचा आहे. चार-सहा वेळा धुतल्यावर तोच पंचा कामाचा होतो. नवे लंगोट पहिल्या दिवशी गळतात आणि 'कापड चांगले नाही' म्हणून बाजूला पडतात, त्यातले बरेचसे खरे तर फक्त न धुतलेले असतात.

मात्र या रीतीचे कौतुक करताना थोडे थांबले पाहिजे. आजी 'जुनी साडी घे' म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर सुती नऊवारी असते. आज कारखान्यांच्या पट्ट्यातल्या घरात कपाट उघडले, तर जुन्या साड्यांपैकी बहुतेक पॉलिएस्टरच्या निघतात, आणि जुने शर्ट मिश्र धाग्याचे. सल्ला तोच राहिला आणि कापड बदलले. स्पर्शाला ही कापडे सुतीहूनही मऊ लागतात, त्यामुळे फसायला होते. ओळखायचे कसे? चार धागे उपसून चिमट्यात धरावेत आणि शिक्षकांनी स्वतः मेणबत्तीवर न्यावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, राख भुरभुरीत पडते. पॉलिएस्टर आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. दोन्ही खुणा दिसल्या तर कापड मिश्र आहे.

पॉलिएस्टर पाणी शोषत नाही म्हणावे, तर बाजारातले सर्वांत जलद 'पिणारे' पॅड मायक्रोफायबरचे असते, आणि मायक्रोफायबर बहुतांशी पॉलिएस्टरच असते. इथे आपला दोन रकान्यांचा तक्ता मोडतो, आणि तो मोडलेला विद्यार्थ्यांनी पाहावा असे आम्हाला वाटते. पाणी कापडात दोन ठिकाणी राहते. थोडे तंतूच्या आत शिरते, आणि पुष्कळसे तंतूंच्या मधल्या फटींत केशाकर्षणाने अडकून राहते. तंतूची स्वतःची ओढ मोजायची तर नेहमीच्या हवेत, ६५ टक्के आर्द्रतेला, त्यात किती ओलावा मुरतो ते पाहतात. कापसात तो वजनाच्या सुमारे ८ टक्के असतो, व्हिस्कोजमध्ये १२-१३ टक्के, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. पण ओल्या कापडातले पाणी कापडाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणजे त्यातला फार मोठा वाटा तंतूंच्या मधल्या जागेत आहे. मायक्रोफायबरचा तंतू इतका बारीक असतो, की त्याची नऊ हजार मीटर लांबी एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. असे तंतू दाट बसवले, की मधल्या फटी असंख्य आणि अरुंद होतात आणि पाणी सर्रकन ओढले जाते. पॉलिएस्टर स्वतः प्यायलेले नसते. त्याने पाणी फक्त धरून ठेवलेले असते.

आणि जे नुसते धरून ठेवलेले आहे, ते दाबले की सुटते. बाळाला कडेवर घेतले, की त्याचे बूड आणि आईची कंबर यांच्यामध्ये पॅड दाबले जाते. पाळण्यात ते पाठीवर निजते तेव्हाही दाब असतोच. काउंटरवर 'कोरडे' लागलेले मायक्रोफायबर इथे भिजलेल्या स्पंजासारखे वागते. दुकानात विक्रेता तळहात हळुवार फिरवतो. त्याने त्याच पॅडवर कोरडा टीपकागद ठेवून वर दोन किलोची आट्याची पिशवी ठेवावी, आणि एका मिनिटाने कागद उचलावा. आमच्या मते एवढा एक बदल केला, तरी हा प्रयोग निम्मा सुधारेल. सुती कापडाच्या बाबतीत तंतू आतूनही फुगतात आणि पाणी तुलनेने घट्ट धरतात, म्हणून दाबाखाली ते कमी सोडते. वेगात मात्र सुती कापड मागे पडते. म्हणूनच कापडी डायपर शिवणारे कित्येक जण वरच्या बाजूला मायक्रोफायबर आणि त्याखाली सुती किंवा व्हिस्कोजचे थर देतात. ही जोडणी शास्त्राला धरून आहे. मायक्रोफायबर उघडे, थेट कातडीला लावू नये, एवढे पथ्य पाळायचे. ते बाळाच्या कातडीवरचा ओलावाही ओढते आणि कातडी रखरखीत होते.

व्हिस्कोजचे नाव आले, तर 'बांबू'विषयी बोललेच पाहिजे. पाकिटावर बांबूची हिरवी पाने असतात, 'नैसर्गिक' आणि 'जंतुरोधक' असे शब्द असतात, आणि किंमत सुती पॅडहून चढी असते. बांबूच्या लाकडाचा लगदा करून तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने विरघळवतात. तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला, की पुन्हा सेल्युलोजचा धागा तयार होतो. ही व्हिस्कोजची रीत १८९२ पासूनची, इंग्लंडमधल्या क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांची. लगदा निलगिरीचा घ्या, पाइनचा घ्या, नाहीतर बांबूचा, निघणारा धागा व्हिस्कोजच. बांबूत मुळात काही जंतुरोधक गुण असलाच, तरी एवढ्या रसायनांतून जाऊन तो शिल्लक राहिल्याचा पुरावा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा दाव्यांवरून चार विक्रेत्यांवर कारवाई केली. २०१३ मध्ये आणखी चार कंपन्यांना, व्हिस्कोजला 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल मिळून साडेबारा लाख डॉलरहून जास्त दंड भरावा लागला. व्हिस्कोज वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. ते सुती कापडाहून जास्त पाणी पिते आणि मऊही असते. पण ओले झाल्यावर त्याची ताकद जवळपास निम्म्याने घटते, तर सुती धागा ओला झाल्यावर उलट थोडा बळकट होतो. रोज पिळून, आपटून धुवायच्या वस्तूला हा फरक लहान नाही. ज्याला व्हिस्कोजच घ्यायचे आहे त्याने ते जरूर घ्यावे, पण पानांच्या चित्राचे पैसे देऊ नयेत.

आता निळ्या पाण्याकडे येऊ. निळा रंग ही जाहिरातीतली शालीनता आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार त्या 'पाण्या'विषयी आहे. लघवीत क्षार असतात, पाण्यात ते नगण्य. कापडाच्या दृष्टीने याने फारसा फरक पडत नाही. पण वापरून फेकायच्या डायपरमधली जी भुकटी आहे, तिच्या दृष्टीने फार मोठा पडतो. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे तिचे नाव. तिच्या जन्माची कथा शेतीतली आहे. अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत, जमिनीत पाणी धरून ठेवण्यासाठी स्टार्चपासून एक अतिशोषक पदार्थ १९७० च्या दशकात पुढे आला, आणि त्याच कुळातले पदार्थ पुढच्या दशकात डायपरमध्ये पोचले. (याच प्रयोगशाळेने दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन बनवण्याची रीत शोधायला मदत केली होती, आणि काळेवाडीच्या शेजारच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिनसाठीच. ओघात आठवले म्हणून सांगितले.) या भुकटीच्या लांब साखळ्यांवर ऋण भार असतात आणि त्यांना चिकटून सोडियमचे आयन आत अडकलेले असतात. बाहेर शुद्ध पाणी आणि आत आयनांची गर्दी, अशा स्थितीत परासरणाने पाणी आत घुसते आणि दाणा फुगून जेली होते. शुद्ध पाणी असेल तर ती स्वतःच्या वजनाच्या काही शेपट पाणी घेते. बाहेरच्या द्रवातच क्षार असले, की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि ओढही कमी होते. सुमारे एक टक्का मिठाच्या पाण्यात ती तीस ते पन्नास पटींवर येते. 'शेकडो पट' हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे, तो बाळाच्या शूला लावणे म्हणजे फसवणूकच म्हटली पाहिजे.

हा प्रयोग वर्गात फार छान होतो. एक डायपर कापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत झटकून, आतले दाणे गोळा करावेत. ते नाकातोंडात जाऊ देऊ नयेत. दोन पेल्यांत पाव-पाव चमचा दाणे घ्यावेत. एकात साधे पाणी आणि दुसऱ्यात दर शंभर मिलिलिटरला एक ग्रॅम मीठ घातलेले पाणी थोडे थोडे ओतत जावे, आणि जेली कुठवर घट्ट राहते ते पाहावे. मग साध्या पाण्याच्या घट्ट जेलीवर चमचाभर मीठ टाकावे. ती डोळ्यांदेखत पाणी सोडते. परासरणावरचा धडा बटाट्याच्या कापांपेक्षा इथे लवकर कळतो. उरलेली जेली मोरीत ओतू नये, नळ तुंबतो.

न्यायाने पाहिले तर तीस पटसुद्धा कापडाच्या दोन-तीन पटींहून पुष्कळ जास्त आहे, आणि ही जेली दाबली तरी सहजी पाणी सोडत नाही. कातडी कोरडी ठेवण्याच्या बाबतीत ती कापडाला मागे टाकते, हे मान्य केले पाहिजे. कापडाचे कैवारी ते मान्य करत नाहीत, तेव्हा तेही निळ्या पाण्याचाच खेळ खेळत असतात. ओली कातडी मऊ पडते, घासली जाते. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया करतात, त्याने अल्कलीपणा वाढतो, आणि शीमधली विकरे त्यात जास्त जोमाने काम करून कातडी सोलवटून काढतात. याला कापडी-बिनकापडी असा भेद नाही. ओल्या लंगोटात दोन तास राहिलेले बाळ आणि भरलेल्या डायपरमध्ये दहा तास राहिलेले बाळ, दोघांचेही हाल होतात. कापडाची बाजू अशी, की ते ओले झालेले कळते आणि बदलावे लागते. हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो निम्मा तरी गुण वाटतो. अर्थात, बदलणारे माणूस घरात असेल तर. दोन्ही पाळ्यांत कामावर जाणाऱ्या आईबापांना हे ऐकवण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण कापडाची खरी परीक्षा दुकानात नाही, दोरीवर होते, आणि ती परीक्षा निळ्या पाण्याच्या प्रयोगात येतच नाही. ज्याने पाणी घट्ट धरले, तो ते धुतानाही घट्ट धरणार आणि वाळतानाही. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-पंधरा लंगोट लागतात. पिंपरी-चिंचवडला पवना धरणातले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून मिळते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शहरभर एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तेव्हा काळेवाडीसारख्या दाट वस्तीत पिंपातल्या पाण्यावर धुणी भागवणे म्हणजे काय, ते घरोघरच्या बायकांनी पाहिले. जाड पॅडला दोनदा जास्त खळबळावे लागते, आणि ते पाणी कुठून आणायचे हा प्रश्न कोणत्याही पाकिटावर छापलेला नसतो.

वाळण्याचे गणित सोपे आहे. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. आठ पदर एकत्र शिवून केलेल्या पॅडला हवा लागते ती फक्त दोन बाजूंनी. तेच कापड एकेरी असेल, घडी घालून आठ पदरी वापरायचे आणि धुतल्यावर उलगडून दोरीवर टाकायचे, तर त्याला आठपट पृष्ठभाग मिळतो. जुन्या लुगड्याच्या चौकोनी लंगोटाचे सगळे शहाणपण आमच्या मते या एका गोष्टीत आहे. वापरताना तो जाड आणि वाळताना पातळ. शिवलेल्या पॅडला हे जमत नाही. पावसाळ्यात, खिडकीत बांधलेल्या दोरीवर, शिवलेले जाड पॅड दुसऱ्या दिवशीही मध्ये ओलसर राहते. बाहेरून ते कोरडे लागते, म्हणून बाळाला बांधले जाते. कुबट वास येतो तो आतल्या ओलीचा. तिथे जंतू आणि बुरशी दोन्ही वाढतात.

यात एक मधला मार्ग आहे तो टेरीचा, म्हणजे फासे असलेल्या टॉवेलच्या कापडाचा. फाशांमुळे त्याच क्षेत्रफळात जास्त धागा बसतो आणि पाणी जास्त मावते. सोलापूरचे टेरी टॉवेल आपल्याला माहीत आहेतच. पातळ टेरीचा एकेरी तुकडा मलमलीच्या चौकोनात घडी करून ठेवला, तर दोन्ही वेगळे धुता येतात आणि वेगळे वाळतात. जाड, गुबगुबीत टेरी मात्र पावसाळ्यात पुन्हा तोच त्रास देतो. फ्लॅनेल ऊबदार आहे, दुपट्याला छान. लंगोटाला आम्ही ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवू.

धुण्याच्या रसायनाकडेही पाहिले पाहिजे, कारण चांगले कापड तिथे बिघडते. काही सोसायट्यांत बोअरचे पाणी वापरले जाते, ते बहुधा जड असते. जड पाण्यात साबणाचा चिकट, न विरघळणारा साका तयार होतो आणि तंतूंवर बसतो. हा साका पाण्याला दूर सारतो. कापूस पुन्हा शेतातल्यासारखा होतो म्हणा ना. बाळाच्या मालिशचे खोबरेल आणि जाड मलमे यांचाही असाच थर बसतो. कपडे मऊ करणारे जे सुगंधी द्रव मिळतात, ते तंतूवर मेणचट आवरण देऊनच मऊपणा आणतात. लंगोटांना ते लावले, की मऊ लागते आणि शोषण घटते. 'लंगोट पूर्वीसारखे पीत नाहीत' अशी तक्रार आली, तर कापड बदलण्याआधी जड पाण्यात साबणाऐवजी धुण्याची पावडर वापरून, गरम पाण्यात दोनदा खळबळून पाहावे.

पर्यावरणाच्या नावाने जे दावे होतात, त्यांचीही हीच गत आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये एक हिशेब मांडला. अडीच वर्षांच्या वापरात फेकायच्या डायपरमागे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार आणि कापडी डायपरमागे सुमारे ५७०, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच निघाले. पण कापडी डायपर दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतले आणि पुढच्या भावंडालाही वापरले, तर तो भार २०० किलोंनी उतरतो, आणि विजेच्या वाळवणयंत्रात वाळवले तर खूप वाढतो, असेही त्यात होते. आपल्याकडे ऊन फुकट आहे, त्यामुळे कापडाचे पारडे जड होते. मात्र पाण्याचा हिशेब आपल्याला आपलाच करावा लागेल, तो ब्रिटनमधून येणार नाही. फेकलेल्या डायपरांचे पुढे काय होते, तेही या हिशेबात धरायला हवे. ते शेवटी कोणाच्या तरी हातांनी वेगळे केले जातात. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड कंपन्यांकडे परत पाठवून हीच गोष्ट लक्षात आणून दिली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा वस्तूंसोबत गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली.

ज्या शिक्षकांना दुकानातल्या प्रयोगाच्या जागी दुसरा हवा असेल, त्यांच्यासाठी आमची सूचना अशी. धुतलेली मलमल, नवी मलमल, टेरी, मायक्रोफायबर, 'बांबू' आणि जुन्या सिंथेटिक साडीचा तुकडा, सगळे एकाच मापाचे, समजा १५ सेंटिमीटर चौकोनी, कापून घ्यावेत आणि घडी न घालता कोरडे वजन करावे. शाळेचा तराजू नसेल तर ओळखीच्या सोनाराकडचा चालेल. पाणी घ्यायचे ते १०० मिलिलिटरला एक ग्रॅम मीठ घातलेले. ताणून धरलेल्या कापडावर ड्रॉपरने एक थेंब सोडावा आणि त्याची चमक जाईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजावे. मग तुकडा त्या पाण्यात बुडवावा, अर्धा मिनिट निथळू द्यावा आणि वजन करावे. टीपकागदांच्या मध्ये ठेवून, दोन किलोच्या वजनाखाली एक मिनिट दाबून पुन्हा वजन करावे. शेवटी तो वर्गातल्या दोरीवर टाकून दर अर्ध्या तासाने, कोरड्या वजनावर येईपर्यंत, वजन नोंदवत जावे. त्या त्या दिवशी पाऊस होता की ऊन, खिडक्या उघड्या होत्या की बंद, तेही लिहावे. चार रकाने भरले, की सगळ्यांत पहिला येणारा तुकडा प्रत्येक रकान्यात निराळा असेल. बाळाच्या आईने कोणता रकाना पाहावा, यावर विद्यार्थ्यांनी भांडावे. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी लहान भावंड असेल, तर त्याचे म्हणणे आधी ऐकावे. आणि ही मोजणी जून ते सप्टेंबर या दिवसांत करावी, कारण मे महिन्यातल्या उन्हात सगळीच कापडे पास होतात.